टाळाची चरचर होऊ नये म्हणून: गाण्यांच्या फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेताना

हरिपाठाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर होतं, व्हॉट्सॲपवर फिरतं, कुणीतरी त्याचं एमपीथ्री करतं, दुसरा कुणी ते कापून पुन्हा सेव्ह करतो आणि शेवटी ते ट्रॅक्टरच्या डेकवर नाहीतर मंदिरातल्या ॲम्प्लिफायरवर वाजतं. तोवर मृदंगाची थाप बोथट झालेली असते आणि टाळाची नुसती चरचर उरते. दोष बहुतेकदा डेकचा नसतो, कन्व्हर्टरचाही नसतो. फाइल किती वेळा आणि कशापासून बदलली, यावर सगळं ठरतं. म्हणून नियम एकच धरा: मूळ फाइल हात न लावता जपून ठेवायची आणि लागेल तो फॉरमॅट दर वेळी तिच्यापासूनच, एकाच पायरीत बनवायचा.

फाइलच्या पोटात काय आहे ते आधी बघा

फाइलच्या नावाचं शेपूट म्हणजे आतला आवाज नव्हे. एमफोरए हा डबा आहे. त्यात बहुधा एएसी पद्धतीने साठवलेला आवाज असतो, पण ॲपलचा एएलएसी हा काहीही न टाकणारा फॉरमॅटही त्याच डब्यात येतो. ओजीजी डब्यात व्हॉर्बिस असू शकतो, ऑपस असू शकतो. फाइलचं नाव बदलून शेवटी एमपीथ्री लिहिलं म्हणजे रूपांतर झालं असं होत नाही. मोबाइल अशी फाइल कधी वाजवतोही, कारण तो आतला मजकूर वाचून ओळखतो. साधा डेक मात्र ती गाळून पुढच्या गाण्यावर जातो.

ओळखायला मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्राम सगळ्यात सोपा. व्हीएलसी प्लेअरमध्ये गाणं चालू असताना टूल्स मेनूत कोडेक इन्फर्मेशन उघडलं तरी चालतं. चार गोष्टी टिपून घ्या: कोडेक (आवाज साठवायची पद्धत), बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट खर्च होतात), सॅम्पलरेट (सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली), आणि मोनो की स्टिरीओ (एकच वाट की डावी-उजवी दोन). पुढचे सगळे निर्णय यांवरच होतात.

फॉरमॅट दोन जातींचे. वेव्ह, फ्लॅक आणि एएलएसी यांत आवाजातलं काहीच जात नाही. फ्लॅक म्हणजे गुंडाळून ठेवलेली वेव्ह: आकार साधारण निम्म्यावर येतो आणि उघडल्यावर बिट न् बिट तोच आवाज मिळतो. एमपीथ्री, एएसी, व्हॉर्बिस, ऑपस, डब्ल्यूएमए आणि जुन्या मोबाइलमधला एएमआर हे दुसऱ्या जातीचे. कानाला ऐकू येणार नाही असं वाटणारा भाग ते टाकून देतात. पुढे ‘दाबणं’ म्हणजे हेच. एमपीथ्रीचं मानक १९९३ चं आहे, एएसीचं १९९७ चं आणि ऑपसचं २०१२ चं. कमी बिटरेटवर नवा फॉरमॅट जुन्यापेक्षा स्पष्टपणे सरस ठरतो. तरीही एमपीथ्री सुटत नाही, कारण बाजारातला स्वस्तातला स्वस्त यूएसबी डेकही तो वाजवतो.

दुसऱ्यांदा दाबलं की काय बिघडतं

एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे करून ते एकेक हिशेबात घेतो. अशा एका तुकड्यात (फ्रेममध्ये) आवाजाची ११५२ मापं (सॅम्पल) असतात, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २६ मिलिसेकंद. तुकड्याच्या मधोमध टाळ कडाडला तर आकडे गोल करताना झालेली चूक त्या सगळ्या तुकड्यावर पसरते. मग ठोक्याच्या आधीच एक बारीक फुसफुस ऐकू येते. चांगला एन्कोडर (फाइल दाबणारा प्रोग्राम) अशा जागी तुकडे लहान करून ही चूक आवरतो, पण पूर्ण पुसू शकत नाही. तीच फाइल दुसऱ्यांदा दाबली की नव्या एन्कोडरच्या लेखी ती फुसफुसही गाण्याचाच भाग असते. तो तिच्यावरही बिट खर्च करतो, खऱ्या ठोक्याला तेवढे कमी पडतात, आणि नव्या तुकड्यांच्या सीमा जुन्यांशी जुळत नसल्याने चूक आणखी पसरते.

टाळ, चिपळ्या, संबळ, कव्वालीतल्या टाळ्या यांचे ठोके असे अचानक येणारेच असतात. त्यामुळे नाथषष्ठीच्या भारुडाचं, तुळजापुरातल्या गोंधळाचं किंवा खुलताबादच्या उरुसातल्या कव्वालीचं रेकॉर्डिंग दोन-तीन रूपांतरांत जितकं खराब होतं, तितकं नुसत्या गळ्याचं किंवा बासरीचं होत नाही. आपल्याकडच्या संगीताला ही काळजी जास्त लागते ती यामुळे.

१२८ किलोबिटची फाइल ३२० वर नेऊन आवाज सुधारेल, ही समजूत सोडून द्या. चिपाडं पुन्हा चरकात घातली म्हणून रस वाढत नाही. जे गेलं ते गेलं. फाइल अडीचपट होते आणि वर एका रूपांतराचं नुकसान नव्याने चढतं. १२८ च्या एमपीथ्रीचं फ्लॅक केलं तर आणखी नुकसान होत नाही, पण फायदाही शून्य. उलट पुढे कुणीतरी तिलाच मूळ फाइल समजून बसतं. अशी शंका आली तर स्पेक नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये फाइल टाका, तो आवाजातल्या खालच्या-वरच्या स्वरांचं चित्र काढतो. फ्लॅक म्हणवणाऱ्या फाइलचं चित्र १६ किलोहर्ट्झच्या आसपास कात्रीने कापल्यासारखं सरळ संपत असेल, तर ती बहुधा कधीतरी १२८ ची एमपीथ्री होती. जुन्या कॅसेटवरून घेतलेल्या आवाजात मात्र वरचे स्वर आपोआपच विरत जातात. तिथे कड सरळ नसते, धूसर असते. दोन्हींत गल्लत करू नका.

रूपांतर लागतंच का?

पुष्कळदा लागत नाही. अँड्रॉइड मोबाइल एमपीथ्री, एएसी, फ्लॅक सगळं थेट वाजवतो, आणि आवृत्ती ५ पासून ऑपसही. मोबाइलवरून ब्लूटूथ स्पीकरला आवाज पाठवताना मोबाइल तो स्वतःच पुन्हा दाबून पाठवतो, त्यामुळे स्पीकरला फाइलच्या फॉरमॅटशी देणंघेणं नसतं. एमफोरएचं एमपीथ्री करण्याची खरी वेळ पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड थेट उपकरणात लावायचं असतं तेव्हाच येते.

बिटरेट ठरवताना गाणं कशातून ऐकलं जाणार ते बघा. ट्रॅक्टर, जीप, टेम्पोतला डेक: एमपीथ्री, १९२ किलोबिट, स्थिर बिटरेट, ४४.१ किलोहर्ट्झ. यात शक्यतो बदल करू नका. बदलता बिटरेट तत्त्वतः चांगला, कारण एन्कोडर अवघड जागी जास्त बिट देतो. पण अनेक स्वस्त डेक अशा फाइलची लांबी चुकीची दाखवतात आणि गाणं पुढे सरकवलं की भलत्याच जागी जातात. चांगल्या हेडफोनवर ऐकायला लेम या एमपीथ्री एन्कोडरचा व्ही२ हा बदलत्या बिटरेटचा स्तर घ्या, तो सरासरी १९० च्या आसपास पडतो. टाळ-मृदंगाचा गजर असेल तर व्ही०, म्हणजे साधारण २४५. मंदिराच्या शिखरावरचा किंवा मशिदीच्या मिनारवरचा भोंगा फार खालचे आणि फार वरचे स्वर देतच नाही. त्याला ९६ किलोबिट मोनो पुरे. एकाच मोबाइलच्या माइकने घेतलेलं नुसतं निरूपण ६४ मोनोतही स्वच्छ ऐकू येतं.

जागेचा हिशेब तोंडी करता येतो. १२८ ला तासाला ५७.६ एमबी, १९२ ला ८६.४, ३२० ला १४४. सीडीच्या दर्जाची वेव्ह तासाला ६३५ एमबी खाते. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर १९२ ने जवळपास १८५ तास मावतात. इतकी जागा असताना ६४ आणि ९६ मध्ये गजर कोंबण्याचं काहीच कारण नाही.

फूबार२००० वर पायरीपायरीने

विंडोजवर पुष्कळ फाइल एकदम बदलायच्या तर फूबार२००० घ्या. तो मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि टॅग (फाइलमध्ये लिहिलेली गाण्याची, गायकाची माहिती) नीट सोबत नेतो. नुसता प्रोग्राम पुरत नाही. त्याच्याच संकेतस्थळावरचा फ्री एन्कोडर पॅक वेगळा उतरवून बसवावा लागतो. एमपीथ्रीसाठी लागणारा लेम एन्कोडर त्यातच असतो. पॅक न बसवता रूपांतर सुरू केलं की प्रोग्राम एन्कोडरची फाइल कुठे आहे म्हणून विचारत राहतो, आणि नवखे बहुतेक इथेच अडकतात.

मूळ फाइलचा फोल्डर फूबारच्या खिडकीत ओढून टाका. सगळ्या निवडून उजवी क्लिक करा, कन्व्हर्टवर जा आणि तीन टिंबांवर दाबा. सेटिंगची खिडकी उघडेल. आउटपुट फॉरमॅटमध्ये एमपीथ्री लेम निवडून एडिट दाबा आणि १९२ स्थिर बिटरेट ठेवा. डेस्टिनेशनमध्ये वेगळा, नवा फोल्डर द्या. मूळ फाइल जिथे आहे तोच फोल्डर कधीही देऊ नका. एमपीथ्रीपासून एमपीथ्री करताना नाव तेच राहिलं तर मूळ फाइलवरच नवी बसण्याचा धोका असतो.

प्रोसेसिंगमध्ये गरज नसेल तर काहीच घालू नका. मोनो हवं असेल तर तिथे मोनो करणारा डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारा भाग) जोडा, पण आधी हेडफोन लावून दोन्ही कान ऐका. कॅसेटवरून घेतलेल्या कित्येक फाइलमध्ये आवाज डावीकडेच असतो आणि उजवीकडे नुसता घोंघाट. तिथे दोन्ही मिसळले तर घोंघाटही मिसळतो. अशी फाइल ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडून स्टिरीओ ट्रॅक दोन मोनोत वेगळा करा आणि चांगली बाजू तेवढी ठेवा.

सॅम्पलरेट मुद्दाम बदलू नका. मोबाइलचं रेकॉर्डिंग बहुधा ४८ किलोहर्ट्झचं असतं आणि एमपीथ्रीला ४८ चालतं. डेक ४८ ची फाइल वाजवतच नसेल, किंवा गाणं संथ आणि खालच्या पट्टीत येत असेल, तेव्हाच रिसॅम्पलर (सॅम्पलरेट बदलणारा डीएसपी) जोडून ४४.१ करा. २२.०५ किंवा १६ वर तर उतरूच नका, काही जुने डेक ते दर ओळखत नाहीत.

अदर या भागात टॅग आणि चित्र सोबत न्यायचे पर्याय आहेत, ते चालू ठेवा. मग आधी एकच फाइल बदला, डेकवर लावून बघा आणि नंतरच दोनशे फाइलचा गठ्ठा सुरू करा. गठ्ठा मोठा असेल तर लॅपटॉपवर, बॅटरी भरलेली असताना लावा. मधेच लाइट गेली तर चालू असलेली फाइल अर्धवट राहते, आणि अर्धवट एमपीथ्री वाजतेही, त्यामुळे लगेच लक्षात येत नाही. पुन्हा सुरू करताना शेवटची फाइल पुसून तिथून पुढे चला.

एखाद-दुसरीच फाइल असेल तर व्हीएलसी पुरतो. मीडिया मेनूत कन्व्हर्ट/सेव्ह, फाइल जोडा, प्रोफाइलमध्ये ऑडिओ एमपीथ्री निवडा. शेजारच्या पान्याच्या चिन्हावर दाबून बिटरेट बघायला विसरू नका. तो १२८ वर असतो आणि गजरासाठी तेवढा पुरत नाही.

व्हिडिओतला आवाज, व्हॉइस नोट आणि जुन्या मोबाइलची फाइल

कीर्तनाच्या व्हिडिओतून आवाज काढताना बहुतेक जण थेट एमपीथ्री करतात. व्हिडिओत आवाज बहुधा आधीच एएसी असतो, म्हणजे हे दुसरं दाबणं झालं. आवाज जसाच्या तसा बाहेर काढता येतो, फक्त डबा बदलतो. लॉसलेसकट या मोफत प्रोग्राममध्ये व्हिडिओ उघडून ट्रॅक वेगळे काढायचा पर्याय घ्या. दोन तासांचं कीर्तन सेकंदांत एमफोरए होऊन येतं आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही. व्हीएलसीमध्येही प्रोफाइलच्या ऑडिओ कोडेक भागात मूळ ट्रॅक तसाच ठेवायची खूण आहे. मिळालेली एमफोरए मूळ म्हणून जपा आणि डेकपुरती एमपीथ्री तिच्यापासून बनवा.

व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट ऑपसमध्ये असते. फूबार आणि व्हीएलसी दोन्ही ती उघडतात. तिचं एमपीथ्री करताना ९६ मोनोच्या वर जाऊ नका, आत तेवढा ऐवजच नसतो. गाणं पाठवायचं असेल तर ते स्पीकरवर वाजवून व्हॉइस नोट करणं हा सगळ्यात वाईट मार्ग. फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा: नावही टिकतं, आवाजही.

जुन्या बटणाच्या मोबाइलमधल्या एएमआर फाइल ८ किलोहर्ट्झच्या असतात, बिटरेट जास्तीत जास्त १२.२ किलोबिट. आजीच्या जात्यावरच्या ओव्या अशाच एखाद्या फाइलमध्ये उरल्या असतील तर मूळ एएमआर अजिबात पुसू नका. व्हीएलसीने तिची वेव्ह करा, वेव्हची फ्लॅक करून मूळ फाइलशेजारी ठेवा, आणि आवाज स्वच्छ करायचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

एक धोका रेकॉर्डिंगच्या वेळचा. मोबाइल एमफोरए फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहितो. कीर्तन चालू असताना बॅटरी संपून मोबाइल बंद पडला तर आवाज नोंदलेला असूनही फाइल उघडत नाही. पॉवर बँक लावून ठेवा, आणि मध्ये जागा मिळेल तिथे रेकॉर्डिंग थांबवून नवं सुरू करा.

स्ट्रीमिंग ॲपमध्ये उतरवून ठेवलेली गाणी कुलूपबंद असतात. ती रूपांतराची सामग्री नव्हे. हे सगळं स्वतःच्या रेकॉर्डिंगसाठी आणि विकत घेतलेल्या सीडीसाठी.

कापणं आणि आवाज वाढवणं, पुन्हा न दाबता

सुरुवातीचं माइक टेस्टिंग आणि देणगीदारांची नावं काढायला ऑडॅसिटीत एमपीथ्री उघडून पुन्हा एमपीथ्री केली तर सगळी फाइल दुसऱ्यांदा दाबली जाते. त्याऐवजी एमपीथ्री डायरेक्टकट वापरा. तो फ्रेमच्या सीमेवर कापतो आणि बाकी फाइलला हात लावत नाही. एमफोरएसाठी लॉसलेसकट आहेच.

एक अभंग हळू आणि पुढचा कानठळ्या बसवणारा, ही तक्रार एमपीथ्रीगेन हा प्रोग्राम सोडवतो. प्रत्येक फ्रेममधला आवाजाच्या पातळीचा आकडा तेवढा तो बदलतो, १.५ डेसिबलच्या टप्प्याने, आणि तो बदल उलटवताही येतो. प्रोग्राममध्ये पातळी आधीच ८९ डेसिबलवर ठेवलेली असते, भोंग्यासाठी ९२ करून चालेल. त्यापुढे नेलं तर गजराच्या शिखरांवर आवाज फाटू लागतो. फाइलसमोर क्लिपिंगची, म्हणजे आवाज फाटण्याची, खूण आली की एक टप्पा खाली या. मूळ रेकॉर्डिंगच फाटलेलं असेल, मोबाइल थेट स्पीकरसमोर ठेवला असेल, तर पातळी कमी करून ते फाटणं जात नाही.

नावं, टॅग आणि पेनड्राइव्ह

डेकच्या पडद्यावर देवनागरी नावाऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं आली तर फाइल बिघडलेली नसते. डेकमध्ये देवनागरीचा फॉन्टच नसतो. डेकच्या प्रतीला रोमन अक्षरांतलं छोटं नाव द्या आणि आधी तीन आकडी क्रमांक टाका. मोबाइल आणि संगणकाच्या प्रतीत देवनागरी खुशाल ठेवा, पण टॅग एमपीथ्रीटॅग प्रोग्रामने आयडीथ्री (एमपीथ्रीच्या टॅगचं मानक) २.३ आणि यूटीएफ-१६ (देवनागरी चालणारी अक्षरांची पद्धत) या सेटिंगवर लिहा. आयडीथ्रीच्या पहिल्या आवृत्तीत नावाला ३० अक्षरांची जागा आहे आणि देवनागरीची सोय नाही. तीही सोबत लिहिली गेली की काही प्लेअर नेमकी तीच वाचतात आणि नावाचा कचरा दिसतो. फोटो ५०० बाय ५०० पिक्सेलपेक्षा मोठा लावू नका. काही डेक मोठ्या चित्रावर अडखळून गाणं उशिरा सुरू करतात.

पेनड्राइव्ह फॅट३२ या फाइल-मांडणीत फॉरमॅट केलेला हवा. ३२ जीबीपेक्षा मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतात आणि साधे डेक ते वाचतच नाहीत, म्हणून डेकसाठी १६ किंवा ३२ चाच घ्या. काकडा आरतीपासून शेजारतीपर्यंत क्रम हवा असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. बरेच डेक नावाचा क्रम बघत नाहीत, ज्या क्रमाने फाइल पेनड्राइव्हवर उतरल्या त्या क्रमाने वाजवतात. सगळ्या एकदम ओढून टाकल्या की तो क्रम गडबडतो. पेनड्राइव्ह रिकामा करा, फोल्डरमध्ये नावानुसार लावणी करा, पहिल्या फाइलपासून निवड करून तिलाच धरून ओढा. मधे एखादी फाइल नंतर घुसवली तर ती शेवटी वाजेल, तेव्हा सगळं पुन्हा भरावं लागेल. आणि सेफली रिमूव्ह केल्याशिवाय उपसू नका. शेवटच्या दोन-तीन फाइल अर्धवट राहण्याचं हेच मुख्य कारण आहे.

काम आटोपण्याआधी तपासा

फाइलची संख्या आणि एकूण वेळ मूळ फोल्डरशी जुळवा. एमपीथ्री एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी किंचित शांतता भरतो, त्यामुळे काही मिलिसेकंदांचा फरक ठीक. काही सेकंदांचा फरक दिसला तर फाइल अर्धवट आहे. मग प्रत्येक फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ऐका. टाळांचा सगळ्यात दाट भाग हेडफोनवर मूळ फाइलशी ताडून पाहा. १९२ आणि २५६ मध्ये खरंच फरक ऐकू येतो का, हे फूबारच्या एबीएक्स कंपॅरेटरने कळतं: कोणती फाइल वाजते आहे ते न दाखवता तो ऐकवतो आणि तुम्ही ओळखायचं. सोळापैकी आठ-नऊच बरोबर आल्या तर तो निव्वळ अंदाज आहे, लहान फाइल निवडा.

कॅसेट किंवा सीडीवरून घेतलेलं सगळं फ्लॅकमध्ये ठेवा. त्याच्या ० ते ८ या स्तरांनी दर्जा बदलत नाही, फक्त आकार आणि लागणारा वेळ बदलतो, म्हणून आधीच ठेवलेला ५ पुरे. फ्लॅक फाइलमध्ये आवाजावरून काढलेली एमडी५ ही पडताळणीची खूण नोंदलेली असते. वर्षातून एकदा ती तपासून घेतली की डिस्क खराब होऊन एखादी फाइल कुजली आहे का ते कळतं. मोबाइलचं रेकॉर्डिंग त्याच्या मूळ एमफोरएतच राहू द्या. या मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर आणि शक्य तर दोन वेगळ्या घरांत ठेवा. पेनड्राइव्हला त्यात धरू नका.